विहारात झालेली बढतीची घोषणा

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबची हेड म्हणून माझी बढती ठरली, तेव्हा पत्र हातात पडायच्या आधीच मी उल्हासनगरला जाऊन कार्डं छापायला टाकली. धीर धरणं माझ्या स्वभावातच नाही. त्यात ऑफिसातली नवी पोरं सारखी सांगायची, "मॅडम, आजकाल आपलं मार्केटिंग आपणच करायला लागतं." मला ते भलतंच पटलं होतं.

आमच्या वस्तीत मार्केटिंगची जागा एकच, बुद्धविहार. रविवारी वंदना झाली की कोण पास झालं, कोणाला नोकरी लागली, ते सेक्रेटरीकाका माइकवरून सांगत. मग त्या माणसाने उभं राहून आपण कोणाच्या जिवावर इथवर आलो ते सांगायचं, अशी रीत. पद सांगताना काकांची चूक होऊ नये म्हणून मी त्यांच्या हातात सरळ कार्डच ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. नाव, डिग्री, पद, कंपनीचा प्लॉट नंबर आणि शेवटी फॅक्स नंबर, तोही दोनदा. लोकांनी फॅक्सलासुद्धा टाळ्या दिल्या.

भाषण मी आठवडाभर घोकलं होतं. आईवडिलांचे आभार, शाळेचे, कंपनीतल्या साहेबांचे, विहाराचे. मग माझी जिद्द, माझी मेहनत, माझं हे आणि माझं ते. झकास झालं. ऐटीत खाली बसले, तर शेजारच्या म्हातारीने माझ्या गुडघ्यावर बोट टोचलं.

"आन् तुझी ताई गं?"

त्या म्हातारीचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

ताई सासरहून, बदलापूरहून, मुद्दाम आली होती आणि मागच्या रांगेत बसली होती. दोघींना शिकवणं घराला झेपत नव्हतं, तेव्हा आठवीतच शाळा सोडून ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली. तिच्या कमाईवर मी बीएस्सी झाले. आणि तिला सोडून मी साहेबांचेसुद्धा आभार मानून बसले होते! स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

काकांनी माइक बंद केला होता. चहाचे कप फिरायला लागले होते, लोक उठत होते. मी उभी राहिले आणि ओरडलेच.

"थांबा! एक राहिलंय. माझ्या ताईने शाळा सोडली म्हणून मी शिकले. हे सगळ्यांत आधी सांगायचं होतं, तेच मी विसरले."

सगळा विहार मागे वळून ताईकडे बघायला लागला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ताईने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

बाहेर चपला शोधताना ती मला म्हणाली, "एवढं बोंबलायची काय गरज होती? आणि शाळा मी काय तुझ्यासाठी नव्हती सोडली. मला गणितच जमायचं नाही, म्हणून सोडली. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

तिसापर्यंतचे पाढे मला तिनेच शिकवले होते, रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर, भाकऱ्या थापता थापता, एकही न चुकता.