मुनाफभाई आणि कलता केक

मुनाफभाईंना वाकडं काही बघवत नाही. उरण नाक्याजवळच्या आपल्या स्टुडिओतून ते चहाला निघाले, की वाटेत न्हाव्याचा आरसा, वाण्याचं कॅलेंडर आणि बँकेच्या दारातलं पायपुसणं सरळ करून मगच चहापर्यंत पोहोचतात. अनोळखी माणसांच्या कॉलरी नीट बसवताना त्यांनी शिव्याही खाल्ल्या आहेत. त्यांची बायको कुबरा सांगते, "आमच्या निकाहात काझीसाहेब विचारतायत, कबूल आहे का? आणि हे उठून त्यांची टोपी सरळ करतायत. मला वाटलं, पळाला नवरा!"

असा माणूस फोटोग्राफर झाला तर नवल नाही. त्याच्याकडून फोटो निघतात, हे नवल. निघतात, पण समोरच्याचा जीव अर्धा करून.

२०१०च्या ऑक्टोबरात आपटेकरांच्या हदासचं लग्न ओमेरशी ठरलं. आपटेकर म्हणजे पनवेलमधलं जुनं बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, घर. हदासचे वडील इसाजी रेल्वेतून निवृत्त झालेले; त्यांची धाकटी बहीण शुलामिथ. मुनाफभाई तिला मावशी म्हणतात. नातं काही नाही, दोन्ही घरांमध्ये एक भिंत होती तेवढंच. पण त्या भिंतीवरून इतक्या वाट्या इकडून तिकडे गेल्या, की नातं झालंच.

लग्नाचा केक करायचं शुलामावशीने अंगावर घेतलं. जेवणात मटण होतं, आणि मटणाच्या जेवणावर त्यांच्यात दुधातुपाचं काही चालत नाही. म्हणजे लोणी बाद, मलई बाद. मावशी म्हणाली, नारळाच्या दुधाचा करते. वर आयसिंगही नारळाचंच. आणि तीन मजली.

ही बातमी इस्राएलला अश्दोदमध्ये मावशीच्या थोरल्या बहिणीला, सिप्पोराला कळली. गुडघ्यांपायी ती लग्नाला येणार नव्हती, पण फोन करायला गुडघे लागत नाहीत.

"तीन मजले? नारळाच्या दुधाचे? ऑक्टोबरात? पनवेलला?" सिप्पोरा दर प्रश्नाला जास्त हसत होती. "शुला, तू आपली गव्हाच्या चिकाचा हलवा कर. तो मुळात आडवाच असतो, पडायची भीती नाही."

हे मावशीला लागलं. लहानपणापासून तिची पहिली पोळी, पहिली रांगोळी, पहिली नोकरी, सगळ्यावर सिप्पोराचा शेरा झालेला. तिने मुनाफभाईंना बोलावून बजावलं, "बाकीचे फोटो हलले तरी चालतील. हदास-ओमेर सुरी धरून उभे, आजूबाजूला घरची माणसं आणि मधे केक ताठ. एवढा एक फोटो मला हवा. तो सिप्पोराला पाठवायचा. मग केक भुईसपाट झाला तरी मला पर्वा नाही."

"मावशी, बेफिकीर रहा," मुनाफभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. ते स्वतः आयुष्यात कधी बेफिकीर राहिले नव्हते.

हॉलला एसी होता, म्हणजे भिंतीवर होता. उकाड्याने नवरदेवाच्या कपाळाला धार लागलेली. केक स्टेजवर आला तेव्हा मात्र परेडच्या जवानासारखा ताठ होता. त्याच क्षणी बटण दाबलं असतं तर विषय मिटला असता. पण मुनाफभाईंना दिसलं, की टेबलावरची चादर एका बाजूला जास्त लोंबतेय. ती त्यांनी बरोबर केली. मग फुलदाणी मधोमध आणली. मग सुरीची रिबीन. मग पडद्यावरच्या माळा. मग ओमेरचा टाय.

"काढलास का रे?" मावशी खालून ओरडली.

"काढतोच आहे!"

"मघापासून काढतोच आहेस! दात काढत असतास तर एव्हाना कवळी बसली असती!"

मुनाफभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. केक कलला होता. तिन्ही मजले ओमेरच्या दिशेने झुकले होते. सगळं जग सरळ करता करता जे सरळ होतं तेच त्यांनी वाकडं होऊ दिलं होतं.

"केकनं आत्ताच सासरची वाट धरली," हदास कुजबुजली.

मुनाफभाईंनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. वरचा मजला घसरायला लागला. पुठ्ठा काढला. केकला हात लावावा तर बोटं उमटणार. ते स्टेजवर दोन चकरा मारून आले, मानेवरचा घाम पुसला, आणि मग जन्मात न केलेली गोष्ट त्यांनी केली: कॅमेरा वाकडा धरला. भिंगातून केक ताठ उभा राहिला. आता माणसं कलली.

"सगळ्यांनी ओमेरच्या बाजूला कला!" ते ओरडले. "केककडे बघा, तो जितका, तितकंच! मागे पडदाच आहे, कुणाला कळणार नाही!"

हदास कलली, ओमेर कलला, खालून वर आलेली मावशी तर गुडघ्यातून कलली. वाऱ्यात माडांची रांग वाकावी तशी ती मंडळी दिसत होती. फक्त टोकाला इसाजी ताठ.

"काका, कला ना!"

"अख्खी नोकरी साहेबापुढे वाकलो नाही," इसाजी म्हणाले, "आता केकपुढे वाकू?"

"अरे दादा, वाक की जरा!" मावशी कळवळली.

"नाही म्हणजे नाही."

वरचा मजला पुन्हा हलला. मुनाफभाईंनी बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत केक ओमेरच्या बुटांवर होता.

फोटो त्याच संध्याकाळी ईमेलने गेला. दुसऱ्या दिवशी सिप्पोराचा फोन आला. मावशीने तो घेतला, आणि शेजारी मुनाफभाई टेबलावरचे चमचे एका रेषेत लावत बसले.

"केक उभा आहे," सिप्पोरा म्हणाली. "मान्य. नारळ किती घातलेस?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्या बहिणीने तिला कृती विचारायची ही पहिलीच वेळ.

"आणि काय गं," सिप्पोरा पुढे म्हणाली, "मुलीच्या लग्नात इसाजीला एवढी पाजली कुणी? सगळे नीट उभे आणि हा एकटा झोकांडतोय!"

इसाजी जन्मभर सणाच्या मनुकांच्या सरबतापलीकडे गेलेले नाहीत.

तो फोटो आज आपटेकरांच्या दिवाणखान्यात आहे. इसाजी येता-जाता फ्रेम तिरकी करतात, म्हणजे ते ताठ दिसतात. मावशी येऊन ती पुन्हा जागेवर आणते, म्हणजे केक ताठ होतो. मुनाफभाई मात्र त्या घरी गेले, की भिंतीकडे पाठ करून बसतात आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरतात. सरबताचा पेला कुबराने तोंडाला लावावा लागतो.