न बसवलेली डिस्ट्रो

लिफ्टदुरुस्तीच्या कामावर त्याला सगळे 'ट्रायल' म्हणत. नवं ग्रीस आलं की हा आधी एका लिफ्टला लावून बघणार, नवा पाना आला की जुन्या नटांवर फिरवून बघणार, आणि बघून झालं की दुसरंच काहीतरी बघायला घेणार. "याचं लग्नसुद्धा ट्रायलवरच असेल," जोडीदार मिस्त्री म्हणायचा, "वहिनींना अजून कुणी सांगितलेलं नाही, इतकंच." त्यावर तोही हसायचा. स्वभावाला औषध नसतं, हे त्याला मान्य होतं.

घरी हा स्वभाव लिनक्सवर मोकळा सुटला होता. मुलीने नोकरीच्या गावी जाताना जुना लॅपटॉप इथेच टाकला होता. बॅटरी मेलेली, एक बिजागरी सैल, आणि सिस्टीम सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचा. त्याने ती सिस्टीम पुसून टाकली. लिनक्स फुकट मिळतं, हलकं असतं, आणि त्याचे नाना अवतार असतात. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. एखादी डिस्ट्रो पेन ड्राइव्हवर घ्यायची, लॅपटॉपला लावायची आणि 'न बसवता वापरून पाहा' ही ओळ निवडायची. मग सगळं नीट चालतं, फक्त ते असतं पाण्यावरच्या रेघेसारखं. लॅपटॉप बंद केला की पाटी कोरी. पसंत पडलीच तर मग डिस्कवर कायमची बसवायची. त्याच्या बाबतीत ते 'मग' कधी आलं नव्हतं. आज ही, उद्या ती, आणि लॅपटॉपची डिस्क रिकामीच.

त्याची बायको कपडे शिवणाऱ्या दुकानात कोट बेतायची. तिने बेतलेला कोट खांद्यावर असा बसायचा की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. पण अंगठ्याचा सांधा झिजला, आणि डॉक्टरांनी कात्री खाली ठेवायला सांगितली. दुकानातल्या पोरी मागे लागल्या, "मावशी, तुमचा हात आम्ही कुठून आणायचा? निदान लिहून तरी द्या." पेन धरायलाही अंगठाच लागतो, हे त्यांना कसं सांगणार? ती नुसती हसून घरी आली.

त्याच सुमारास त्याला एक डिस्ट्रो सापडली. चिमुकली, चपळ, आणि मराठी अक्षरं कशी रेखीव! जोडाक्षरं कुठे फुटत नव्हती, वेलांट्या आपल्या जागी बसत होत्या. त्याने हाक मारली, "अगं, ये तरी इकडे. एका बोटाने लिहून बघ."

तिने तर्जनीने एकेक कळ दाबली. 'खांदा' हा शब्द उमटला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बरंय हे," ती म्हणाली. तिचं 'बरंय' म्हणजे दुसऱ्याचं 'वा वा'. "मी रोज थोडं लिहीत बसले तर चालेल?"

"चालेल की! फक्त बंद करू नकोस, झाकण लाव. आणि वायर काढू नकोस."

पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून तो तसं म्हणाला. चार शब्द लिहील आणि कंटाळेल, असं त्याने गृहीत धरलं होतं.

ती कंटाळली नाही. दुपारी जेवणं आवरली की ती बसायची. प्लगला कुणाचा पाय लागू नये म्हणून तिने भिंतीपाशी एक खुर्ची आडवी घातली. एकेक अक्षर ठक, ठक, मधेच डोळे मिटून बोटांनी हवेत कापड चाचपायची आणि पुन्हा ठक.

"काय लिहितेस एवढं? बघू तरी."

"झालं की दाखवते. अर्धवट कपडा मी कुणाला घालून बघू देत नाही. तुमच्यासारखी नाही मी."

असं करता करता उन्हाळा सरला; नशिबाने वीज एकदाही गेली नाही. तो लॅपटॉपकडे फिरकलाही नाही, ही त्याच्या मते त्याने तिला दिलेली मोठीच सवलत होती.

पण सवय ती सवय. आणखी हलकी डिस्ट्रो आल्याचं त्याच्या वाचनात आलं. सुट्टीच्या सकाळी ती 'झालं एकदाचं, पोरींना सांगून येते' म्हणत दुकानात गेली, आणि त्याने दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ती नवी डिस्ट्रो घेतली. झाकण उघडलं. पडद्यावर तिची फाइल होती, नाव 'कोट'. नीट जपून ठेवलेली. ती बघून तो निर्धास्त झाला. मागे मुलीचा फोटो लावलेला, कळफलक मराठी, सगळं मुरलेलं, घरच्यासारखं. त्याच्याकडे इतकं टिकलेलं काही नव्हतंच कधी. जे इतकं टिकलं ते बसवलेलंच असणार, असं त्याचा हात समजून चालला. नवीला जागा करायला त्याने लॅपटॉप बंद केला.

काळ्या पडद्यावर ओळ आली: पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

ती ओळ त्याने शेकडो वेळा वाचली होती. न बसवलेल्या सिस्टीमच्या शेवटीच ती येते. आता एंटर दाबलं काय आणि नाही काय.

तरी त्याने जुना पेन ड्राइव्ह पुन्हा लावून पाहिला. निळा, स्वच्छ, परका पडदा आला. लिफ्ट चाचणीवर असली की दारावर 'वापरू नये' ही पाटी टांगल्याशिवाय तो जिन्याची पायरीसुद्धा उतरत नसे. आणि इथे त्याने घरच्या माणसाला, बस आत, म्हटलं होतं.

ती हसतच परतली. "पोरी म्हणतात, छापूनच घेऊ या."

त्याने सांगितलं. कसं सांगितलं ते त्यालाही नंतर आठवेना.

"म्हणजे मी ठेवलेलं, ते राहिलंच नव्हतं?"

"तू ठेवलं होतंस. मीच बसवलं नव्हतं."

"अहो, मग मला सांगायचं तरी."

तिचा आवाज चढला नाही. तिने प्लगपुढची खुर्ची उचलली आणि जेवणाच्या टेबलाला नेऊन लावली.

त्याच दिवशी त्याने तिची ती जुनी डिस्ट्रो डिस्कवर बसवली. कायमची. नवा पेन ड्राइव्ह मिस्त्रीला देऊन टाकला. "ट्रायल संपली की काय?" मिस्त्रीने विचारलं. त्याने हत्यारं आवरली. घरी येऊन तिला म्हणाला, "आता हवं तितकं लिही, काही जात नाही." ती म्हणाली, "बोट दुखतंय." दुसऱ्या दिवशी बोट दुखतच होतं, नंतर त्याने विचारणं सोडलं.

मग तो स्वतःच लिहायला बसला. एवढी वर्षं ती दुकानातलं काम घरी आणून याच टेबलावर कापड पसरून, स्वतःशी पुटपुटत बेतायची, आणि तो दुसऱ्या टोकाला पडद्यात डोकं घालून असायचा. काहीतरी कानांवर पडलंच असणार. त्याने आठवायचा प्रयत्न केला. कात्रीचा आवाज आठवला, तोंडात धरलेल्या टाचण्या आठवल्या, तिच्या पुटपुटण्याचा सूर आठवला. शब्द एकही आठवेना. दुपारभर बसून त्याने दोन ओळी लिहिल्या. कापड आधी भिजवून वाळवावं. खांद्याचा उतार माणूस बघून ठरवावा.

ती पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. वाचलं.

"चुकलंय का काही?" त्याने विचारलं.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "पण मी असं नव्हतं लिहिलं. माझं चांगलं झालं होतं हो. वाचून माझं मलाच नवल वाटलं होतं."

तिला बसायला जागा द्यावी म्हणून तो घाईने उठला. तोवर ती आत गेली होती.