कैनाडच्या भगताचे दाणे

कैनाडच्या आमच्या भगताचा देव मोठा सोयीचा. गुण आला तर भगताची कृपा, नाही आला तर आपली श्रद्धा कमी. सुपात तांदूळ टाकून तो दोन-दोन दाणे जोडायचा. सगळे जुळले तर 'हो', एक उरला तर 'नाही'. मध्येच मोबाईल वाजला की देवही थांबायचा.

नवऱ्याचा मार खाऊन बहीण माहेरी आली, तेव्हा बाबांनी भगतालाच विचारलं, "पोरीला परत पाठवू का?"

दाणे सगळे जुळले. भगताने बहिणीच्या काळ्यानिळ्या हाताकडे पाहिलं, एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "एक उरला. नाय पाठवायची."

"अरे, तूच खाल्लास ना!" बाबा म्हणाले.

"मी नाय, देवाने खाल्ला."

बहीण राहिली. या थोतांडाला हसणारा मी, तो वाटेत दिसला की आता मोटरसायकल थांबवून नमस्कार करतो.