मागच्या खोलीपर्यंत वायफाय

आमचं घर बांधलं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आणि बांधलं ते असं की आत काही शिरू नये. चोर शिरू नये, ऊन शिरू नये, पाव्हणा शिरलाच तर हॉलच्या पुढं जाऊ नये. मोबाइलची रेंजसुद्धा बिचारी चप्पल काढल्यासारखी उंबऱ्यावर थांबते. विट्याच्या आसपास अशी घरं गावोगाव आहेत. गडीमाणूस देशाच्या कुठल्यातरी टोकाला सोनं वितळवायच्या, म्हणजे गलाईच्या दुकानात, आणि त्यानं इथं बांधलेल्या दुमजली बंगल्यात दोन म्हातारी माणसं आणि एक सून. ती सून मी. माझं माहेर सांगलीचं, हळदीच्या पेठेजवळचं, तिथं दार दिवसभर उघडं. इथं आल्यावर पहिलं वर्ष मी नुसत्या कड्या लावत आणि काढत होते.

मामांनी चाळीस वर्षं कोइमतूरला दुकान चालवलं. मग ते आमच्या ह्यांच्या हाती देऊन गावी आले, पण आलं ते नुसतं सामान, जीव दुकानातच राहिला. रोज सकाळी दहाला ह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. मामा साडेनऊपासून अंघोळ करून, टोपी घालून हॉलमधल्या सोफ्यावर तयार. ह्यांनी कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासून ती रेघ कॅमेऱ्यासमोर धरायची आणि मामांनी चष्मा वरखाली करून टंच सांगायचा, म्हणजे सोनं किती शुद्ध आहे ते. "ब्याण्णव." "ह्यो पंच्याऐंशीच्या खाली हाय, परत कर." फोनवरून सोन्याचा रंग ओळखणं म्हणजे फोनवरून आमटीतलं मीठ चाखण्यासारखं, हे मला कळत होतं. पण बोलून कुणाचं भलं होणार होतं? दगड, रेघ, आकडा, ठेवतो. बापलेकांचं एवढंच बोलणं आणि दोघंही त्यात खूश.

गेल्या हिवाळ्यात मामा बाथरूममध्ये घसरले. खुब्याला प्लेट घातली, डॉक्टरांनी दोन महिने पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. त्यांना मागच्या खोलीत हलवावं लागलं, कारण कमोड तेवढा तिथं. आणि मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. चाकाची खुर्ची आणली, तर म्हणाले, "त्या गाड्यावर बसून मी टंच सांगू व्हय?" झालं, दहाचा कॉल बंद.

पहिला आठवडा चिडचिड केली, ती मला चालते, मीही कमी चिडकी नाही. पण दुसऱ्या आठवड्यात ते गप्प झाले. जोंधळ्याची भाकरी अर्धी ठेवायला लागले. व्यायाम करून घ्यायला रोज एक मॅडम यायच्या, त्यांना म्हणाले, "आता चालून कुठं जायचंय?" मॅडम जाताना मला बाजूला घेऊन स्पष्ट बोलल्या, मामांनी मनावर घेतलं नाही तर पाय कायमचा जाईल, औषध देणाऱ्याच्या हातात आता काही नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून बसल्या. मला भीती वाटली आणि भीती वाटली की मी कामाला लागते, हा माझा स्वभाव.

लेक पुण्यात शिकते. तिला फोन केला तर म्हणाली, "आई, मेश घे." मला वाटलं, खिडकीला लावायची जाळी. तिनं समजावलं, की एका राउटरनं सगळ्या घराला ओरडून सांगायचं नाही, तीन ठेवायचे आणि एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगायचं. हे मला लगेच पटलं. आमच्या गावात बातमी अशीच जाते.

चार दिवसांत पार्सल आलं. तीन पांढरे डबे, लाडवाएवढे गुळगुळीत. आत्याबाईंनी प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं, मग मी फोनवर ॲप घेतलं. पहिला डबा हॉलमध्ये, जिथं बाहेरची वायर येते. दुसरा मधल्या खोलीत कपाटावर. तिसरा मामांच्या उशाशी. पहिल्याचा दिवा पांढरा, दुसऱ्याचा पांढरा, तिसऱ्याचा लालभडक. ॲपनं सांगितलं, डबा जवळ आणा. अहो, मधल्या खोलीत आणि मामांच्या खोलीत एका भिंतीचं अंतर, आणखी किती जवळ आणू?

दोन दिवस मी त्या मधल्या डब्याला घरभर फिरवलं. फ्रीजवर ठेवला, तांदळाच्या डब्यावर ठेवला, खुर्चीवर खुर्ची चढवून माळ्यावर ठेवला. देवघराच्या फळीवर ठेवला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "हितं नगं, देवाला झोप लागायची न्हाई." मामांचं दार सताड उघडलं तर थोडं नेटवर्क शिरायचं, आवाज तुकड्यातुकड्यानं यायचा आणि चित्र ह्यांच्या अर्ध्या मिशीवर अडकून बसायचं. बंद आणि चालू तर इतक्यांदा केलं की बटणाला घट्टा पडला असेल. मामा पलंगावरून हे सगळं बघत होते. मी भिंतीवर बोटं वाजवली की नजर चुकवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, सगळ्या जगाच्या भिंतीतनं जातंय, ह्याच भिंतीचं घोडं कुठं अडलंय? मी ही पेटी परत पाठवते. तुम्ही बसा छताकडं बघत."

मामांनी दाराबाहेरचा कानोसा घेतला. मग म्हणाले, "सासूला परड्यातनं कढीपत्ता आणाय लाव."

"कढीपत्ता आहे घरात."

"आसू दे. लाव."

आत्याबाई गेल्या. मामांनी मला दार लोटायला सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या भितीत लोखंडाचा पत्रा हाय."

"कुठल्या भिंतीत?"

"ह्याच. मधल्या खोलीच्या अंगाची. वरपास्नं खालपतोर. जाड हाय."

मी त्या भिंतीकडं बघितलं. वीस वर्षं मी तिच्यावर दिनदर्शिका टांगत होते. मामांनी सगळं सांगितलं. घर बांधताना गावातले गवंडी जत्रेला म्हणून सोडले आणि पलीकडून कर्नाटकातून दोघं आणून तीन दिवसांत पत्रा बसवून वर विटा लावून गिलावा करून घेतला. त्या दोघांना मराठी येत नव्हतं, म्हणूनच त्यांना निवडलं होतं. ही खोली सोनं ठेवायची होती. चोरानं भिंत फोडलीच, तर पत्र्यावर डोकं आपटावं असा बेत.

"आत्याबाईंना माहीत आहे?"

"न्हाई."

"ह्यांना?"

"कुणालाच न्हाई. सांगितलं की संपलं."

"आणि किती सोनं ठेवलंत इथं?"

मामांनी खिडकीकडं तोंड केलं. "कवाच न्हाई. बँकेत लॉकर मिळाला तवा."

मला हसू आवरेना. मामा आधी रागानं बघत होते, मग त्यांच्याही मिशा हलल्या. महिन्याभरात पहिल्यांदा. मला त्यांनी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. ती मी आत्ता मोडते आहे, पण गाव सांगत नाही, नावही सांगत नाही, आणि आत तसंही जुन्या चादरी सोडून काही नाही.

भिंतीतून जायचं नाही, एवढं कळल्यावर काम सोपं झालं. स्वयंपाकघराची खिडकी आणि मामांची खिडकी दोन्ही घरामागच्या परड्यात उघडतात, एकमेकींशी काटकोनात. दुसरा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, तिसरा मामांच्या खिडकीत. मी मामांच्या खोलीत येऊन उभी राहिले. लाल दिवा लुकलुकला, विझला आणि पांढरा लागला. तेवढ्यात आत्याबाई ओटीत कढीपत्ता घेऊन आल्या. "आलं व्हय?" त्यांनी विचारलं. "आलं," मी म्हटलं, "परड्यातनं फिरून आलं." त्यांना ते अगदी बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच मामांनी दाढी करायला सामान मागितलं. टोपी घातली, पाठीला दोन उशा लावून घेतल्या. दहाला कॉल आला आणि चित्र असं स्वच्छ, की ह्यांच्या कानाजवळचे पांढरे केस मला दिसले, जे दिवाळीला नव्हते. ह्यांनी दगड घासला, रेघ कॅमेऱ्यासमोर धरली. मामांनी चष्मा खाली केला.

"ब्याण्णवला जरा कमी."

"बरं आबा," हे म्हणाले आणि दगड बाजूला घेतला.

तो बाजूला झाला आणि मागचं टेबल दिसलं. टेबलावर एक मशीन, तिच्या पडद्यावर आकडे. एक्क्याण्णव पॉइंट आठ. मी वाचलं. हळूच मामांकडं बघितलं तर त्यांनीही वाचलं होतं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. एरवी हॉलमधल्या जुन्या राउटरवरच्या तुटक्या चित्रात ते टेबल म्हणजे नुसता धुरकट ठिपका असायचा. एवढी खटपट करून मी हेच त्यांच्या पलंगापर्यंत आणून पोचवलं होतं.

"ती मशीन कवा घेतलीस रं?" मामांनी विचारलं.

ह्यांनी मागं वळून बघितलं, मग कॅमेऱ्याकडं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "झालं की दीड वर्ष."

दीड वर्ष. म्हणजे रोजच्या रोज आधी मशीनवर आकडा बघायचा, मग दगड घासून बापाला विचारायचं. मामा पांघरुणाची कड सारखी करत राहिले. मी फोन घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"बराबर दावती मशीन," ते म्हणाले. "चांगली घेतलीस." आणि कॉल संपला. त्या दिवशी दुपारी जेवले का विचाराल तर नाही जेवले. व्यायामाच्या मॅडमना तर दारातूनच परत पाठवलं. मी ते तिन्ही डबे परड्यातल्या हौदात बुडवायच्या बेतात होते.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी दहाला कॉल आला. मामांनी तो घेतला. ह्यांच्या हातात दगड नव्हता. आता दगड धरून उपयोग नव्हता, आणि दगडाशिवाय ह्या दोघांना बोलायला काही नव्हतं. हे म्हणाले, "हं." मामा म्हणाले, "हं." रस्त्यावरून तिकडं कुणीतरी ओरडत गेलं. मला वाटलं, आता ठेवतील आणि परत कधी करणार नाहीत.

"काल फोन ठेवताना टेबलाला धरून उठलास," मामा म्हणाले.

हे खुर्चीत सरळ होऊन बसले.

"चालताना बी डाव्या अंगाला वाकतोस. मी बघितलं."

"काही न्हाई आबा. असंच."

"असंच नसतंय. मला बी हुतं. भट्टीम्होरं वाकून वाकून कंबर गेलती माझी, तुझ्याच वयात. तुज्या आयला कवा सांगितलं न्हाई, तुला न्हाई. उगा सोसलं." मामांनी फोन तोंडाजवळ घेतला, जसा काही पलीकडचा माणूस बहिरा आहे. "दुखती का रं?"

ह्यांनी मान खाली घातली. वीस वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर, रोज रात्री फोनवर बोलते, कसे आहात विचारलं की एकच उत्तर, एकदम मजेत. तेच येणार म्हणून मी थांबले होते.

"दुखती, आबा," हे म्हणाले. "लय दुखती."