भिडूचा एक्का
पत्त्यांत कोण हरलं, कोण जिंकलं हे कुणाला आठवत नाही. पण कोण कुणावर कसं खेकसलं ते जन्मभर लक्षात राहतं! माझ्याकडे तर असल्या किश्शांचा ढीग साचलाय. निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मी मंठ्याला पोस्टात होतो. बाजाराच्या दिवशी दुपारी बन्सीशेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर आमचा मेंढीकोट रंगायचा. शेठ आणि दगडूबा पाटील हे लहानपणापासूनचे दोस्त, म्हणून भिडू. मी आणि जोशी मास्तर त्यांच्या विरुद्ध. दश्शी म्हणजे मेंढी. चारही मेंढ्या एका जोडीनं नेल्या की दुसरीवर कोट! पैसे लावायचे नाहीत. कोट चढलेल्या जोडीनं भर बाजारातून डोक्यावर घागर घेऊन आडाचं पाणी आणायचं, हा आमचा कायदा.

*

पत्त्यांना आमची खास नावं होती. इस्पिकची राणी ‘आत्याबाई’, कारण ती आली की कुणाचं तरी बिनसायचंच. राजाला ‘हुजूर’ म्हणायचो. राज्य बदललंय म्हणून मास्तरांनी एकदा फर्मान काढलं, “आजपासून राजा म्हणजे कलेक्टर!”

दगडूबा पत्ते लावत म्हणाला, “कलेक्टरची बदली होती, मास्तर. मंग डावातून मधीच उठून गेला तर?”

*

खाणाखुणा बंद होत्या. पण शेठ आत ओरडायचे, “मुनीमजी, लाल छीट काढा!” की दगडूबा बराबर बदाम खेळायचा. आम्हाला पत्ताच नाही! एकदा मुनीम नवा आला. तो बिचारा लाल छिटाचं अख्खं ठाण घेऊन ओट्यावर आला आणि म्हणाला, “शेठजी, किती वार फाडू?”

*

मग तो भयंकर डाव झाला. शेठनी बदामाचा एक्का टाकला. दगडूबाकडे बदाम नव्हता. एखादं फालतू पान टाकून गप्प बसायचं, तर गड्यानं हुकूम हाणला! भिडूचा एक्का भिडूनंच कापला आणि त्या हुकमापायी शेवटची मेंढीही गेली, कोट चढला.

“पाटील, हे काय केलं?”

“हुकूम हातात असून मारू न्हाई, तर काय लोणचं घालू?”

शेठ पगडी काखेत मारून, डोक्यावर घागर घेऊन निघाले आणि नेमके मोटारीतून उतरलेले जाफराबादचे व्याही समोर! नवी सोयरीक. व्याही नुसते बघत राहिले. शेठनी घागर खाली ठेवली. “पाटील, आजपासून बोलणं बंद. बिलकुल बंद!”

*

पण जागा ठरलेल्या, त्यामुळे भिडू तेच. बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

“त्यांना सांगा, पान टाका.”

“त्यांना सांगा, टाकून राह्यलो.”

आम्ही पोट धरून हसायचो. पण थंडीत दगडूबानं दरसालसारखा शेठसाठी हुरडा आणला, तो ओट्यावर तसाच पडून राहिला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. दगडूबा हळूच म्हणाला, “पुढल्या बाजारापासून म्या येणार न्हाई. समोर बसून परक्यावानी ऱ्हाणं जमत न्हाई मला.” ते शेठच्या कानावर गेलं असावं.

*

त्याच दुपारी व्याही आले होते, गादीवर टेकून डाव बघत होते. तीन मेंढ्या आमच्याकडे आलेल्या. हातात दोन-दोन पानं उरली होती. दगडूबानं चौकटचा एक्का टाकला. शेठकडे चौकट नव्हती. हातात होती एक फालतू किलवर आणि शेवटच्या मेंढीसाठी राखलेला हुकमाचा राजा.

शेठनी सावकाश पानांकडे पाहिलं, मग दगडूबाकडे पाहिलं आणि राजा उचलून धाडकन त्याच्या एक्क्यावर आपटला!

उरलेली किलवर त्यांनी खाली टाकली आणि मी माझ्या किलवरच्या मेंढीनं हात नेला. कोट!

मास्तर ओरडले, “अहो शेठ, तुमच्याकडे किलवर होती की!”

“होती ना,” शेठ म्हणाले. उठले, डोक्यावरची पगडी उतरवली आणि व्याह्यांच्या हातात दिली.

“जरा धरता का, व्याहीजी? चला पाटील, घागर कुठंय?”