यवतमाळात पाणी गोठत नाही

पंप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी तिथे नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. त्यानंतर तो ज्या ज्या सकाळी अडला, त्यांतल्या बहुतेक सकाळीही नव्हते. पुढचे बरेचसे मला इतरांनी सांगितलेले आहे, आणि त्या इतरांपैकी एकाच्याही शब्दावर मी आजही पैज लावणार नाही. किस्से साठतात ते असेच! एकाने अर्धे पाहिलेले असते, दुसरा ते पुरे करून सांगतो, आणि ऐकणारी माझ्यासारखी निघाली तर ती प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ विचारत बसते.

आमचा व्यवसाय काचा धुण्याचा. ‘भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ही काचा पुसते,’ असे माझे नातेवाईक सांगतात. हे चूक आहे. मी पुसत नाही, पुसून घेते. यवतमाळात आता बँका, शोरूम, शिकवणी वर्ग अशा सगळ्यांनाच दर्शनी भाग काचेचा हवा असतो. आमच्या गाडीत एक टाकी, पाण्यातले क्षार काढणारे एक यंत्र आणि बॅटरीवरचा एक लहान पंप आहे. पंप पाणी लांब दांड्याच्या टोकावरच्या ब्रशपर्यंत चढवतो. माणूस जमिनीवर उभा राहून तिसरा मजला धुतो आणि पाण्यात क्षार नसल्याने काच न पुसताच डाग न पडता वाळते. अर्थात, पंप चालला तर!

माणसे तीन. गजूभाऊ मूळचे उमरखेडचे, गाडी चालवतात आणि पंप त्यांनी स्वतः बसवला म्हणून त्याच्यावर बापासारखा हक्क सांगतात. प्रल्हाद राठोड दारव्ह्याकडच्या तांड्यातला, दांडा सांभाळतो. सिंधूताई आतल्या काचा करतात आणि बाहेरच्यांवर लक्ष ठेवतात.

*

तर पहिला प्रसंग. कापडाच्या एका शोरूमसमोर, डिसेंबरातल्या थंड सकाळी पंप बंद. मी पोचेपर्यंत तिघे चहा पीत होते. मी प्रत्येकाला बाजूला घेऊन स्वतंत्रपणे विचारले.

गजूभाऊ म्हणाले, “पाइपात बर्फ झालतं मॅडम. पक्कं बर्फ! मी सोता पाह्यलं.”

“पाइप काळा आहे, गजूभाऊ. आतले दिसले कसे?”

“दिसलं नाही, पर आवाज येत होता ना बर्फाचा!”

प्रल्हाद म्हणाला, “बर्फ-बिर्फ काही नाही. भाऊनं गाडीत गाणे लावून लावून बॅटरी उतरवली.”

सिंधूताई म्हणाल्या, “दोघंही खोटं बोलून राह्यले. टाकीत पाणीच नव्हतं.”

मी तपासले. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. बॅटरी भक्कम. हवा अकरा अंश. तीन साक्षीदार, तीन कारणे, आणि त्यांतले एकही टिकले नाही! मी बटण दाबले. पंप सुरू झाला.

गजूभाऊंनी विजयी मुद्रेने आभाळाकडे बोट दाखवले. “पाह्यलं? ऊन पडलं ना आता!”

*

मी हे हसण्यावारी नेले असते, पण त्याच आठवड्यात एका नव्या खाजगी दवाखान्याचे बोलावणे आले. समोरची सबंध भिंत काचेची. उद्घाटनाआधी एकदा धुऊन दाखवायची. पसंत पडले तर वर्षभराचे काम. मी तिघांना बसवून सरळ सांगितले, “यवतमाळात पाणी गोठत नाही. दवाखान्याच्या दिवशी पंप अडला, तर पंप आणि गाडीची किल्ली दोन्ही प्रल्हादकडे जातील.”

गजूभाऊंनी बसल्या जागी किल्ली एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवली.

प्रल्हाद म्हणाला, “मले नाही पाह्यजे मॅडम.” पण तो हे फारच लवकर म्हणाला, असे मला तेव्हाही वाटले.

*

आमच्या धंद्यात ग्राहकही संशयी असतात. दारव्ह्याला एका शिकवणी वर्गाचे संचालक आमचे काम पाहून रस्त्यावरच आले. “साबण कुठं हाये? नुसतं पाणी मारून राह्यले तुम्ही! हे त मी बी मारतो.”

मी त्यांना क्षार, बाष्पीभवन आणि डाग यांचा परस्परसंबंध समजावून सांगितला. गणित शिकवणारा गृहस्थ, त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बरोबर आहे. पण साबण कुठं हाये?”

तेव्हापासून सिंधूताई एक बादली फेस करून दर्शनी जागी ठेवतात. ती कशालाच वापरत नाहीत. ग्राहक येतो, फेस पाहतो, समाधानाने आत जातो!

जानेवारीत त्याच संचालकांनी बादलीत डोकावून विचारले, “आज फेस काहून कमी?”

सिंधूताई क्षणभरही थांबल्या नाहीत. “थंडी हाये ना सर. फेस बी गारठते.”

“हो, ते हाये,” असे म्हणून ते निघून गेले. बाष्पीभवन ज्याला पटले नाही, त्याला हे पटले!

*

महागावचा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला नाही, परिणाम मात्र पाहिला. कापसाच्या एका व्यापाऱ्याचे नवे कार्यालय. दुपारी त्यांचा फोन आला. “मॅडम, लोकं थांबून थांबून पाहून राह्यले. माह्या काचीवर बर्फ पडलं म्हणतात!”

मी गेले. काच खरोखरच पांढरी होती. बोट फिरवून जिभेला लावले. मीठ!

प्रल्हादने परदेशातल्या एका काच धुणाऱ्याचा व्हिडिओ पाहिला होता. तिकडे चहूकडे बर्फ, आणि तो दाढीवाला गोरा काम सुरू करण्याआधी मूठमूठ मीठ टाकतो. प्रल्हादने आमच्या टाकीत मिठाचा पुडा रिकामा केला. ज्या पाण्यातले क्षार काढायला आम्ही यंत्र घेतले, त्या पाण्यात! आणि ते यंत्रातून गाळून झाल्यानंतर!

“त्याची काच त एकदम चकाचक निघाली होती मॅडम,” प्रल्हाद म्हणाला.

“तो मीठ नेमके कुठे टाकत होता?”

प्रल्हादने मोबाइल काढून पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले.

“खाली,” तो म्हणाला. “पाय घसरू नये म्हणून.”

गजूभाऊ मात्र दिवसभर प्रसन्न होते. “मी एकटाच नाही म्हणत मॅडम. आता त महागाव बी बर्फ म्हणून राह्यलं!”

*

यानंतर पंपाने नवा पवित्रा घेतला. सकाळी सुरू व्हायचा, थोडा वेळ चालायचा आणि मग गप्प. मी एका सकाळी न सांगता जाऊन पंपाचे खोके उघडले. आत पंप नव्हता, गाठोडे होते. गजूभाऊंनी त्याला गोधडीत गुंडाळून वरून सुतळीने बांधले होते. हात लावला तर चटका बसला!

असे पंप फार तापले की स्वतःहून बंद पडतात. तशी सोयच असते त्यात. इथे काय चालले होते पाहा. थंडी म्हणून पांघरूण. पांघरुणामुळे पंप तापला. तापला म्हणून बंद. आणि बंद पडला म्हणून आणखी एक पांघरूण!

मी हे सगळे समजावत असताना सिंधूताई मागून पुढे आल्या आणि गोधडीचे टोक हातात धरून पाहू लागल्या.

“हे त माही हाये.”

गजूभाऊ गाडीच्या चाकाकडे पाहू लागले.

“वाळत घातली होती मी! अन् शेजारणीनं नेली म्हणून तिच्याशी बोलणं सोडलं ना मी, गजूभाऊ! संक्रांतीले तिचा तिळगूळ बी नाही घेतला!”

“पंपाले थंडी वाजत होती ताई.”

“अन् मले?”

मी गजूभाऊंना स्पष्टीकरण मागितले. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हणता तापला म्हणून बंद पडला. मग तो तापला कायले? आतून थंडी भरली म्हणूनच ना!” मी सुतळी सोडली आणि गोधडी सिंधूताईंच्या हातात दिली.

*

मग मी गाडीत तापमापक टांगला. वाद तरी मिटेल! दुसऱ्याच सकाळी गजूभाऊंचा फोन. “सात दाखवून राह्यला मॅडम. तुम्ही सोता येऊन पाहा.”

माझ्या घरच्या तापमापकावर बारा होते. मी स्वतः जाऊन पाहिले. सात होते, आणि खालच्या टोकाभोवती ओले फडके होते.

“हे काय?”

“धूळ बसते ना. पुसून ठेवलं.”

“ओले फडके गुंडाळून?”

“पुसता पुसता राह्यलं.”

वाऱ्यात ओले फडके गुंडाळले की पारा उतरतो. प्रयोगशाळेत आम्ही हे करून पाहिले होते. इतका व्यवस्थित प्रयोग इतक्या संशयास्पद हेतूने केलेला मात्र मी पहिल्यांदाच पाहिला. मी शांतपणे म्हणाले, “गजूभाऊ, सातालाही पाणी गोठत नाही.”

“नाही,” ते म्हणाले, “पर जवळ त आलं ना!”

प्रल्हाद त्या वेळी दांडा पुसत होता. तो हसला नाही. मला म्हणाला, “मॅडम, दवाखान्याच्या दिवशी भाऊ काही ना काही करन. मी आजच सांगून ठेवतो.” आणि संध्याकाळी गजूभाऊ मला वेगळे गाठून म्हणाले, “प्रल्हाद्यावर नजर ठेवा. किल्लीसाठी तो पंपच बंद पाडन.” सिंधूताईंनी फोन करून सांगितले की दोघांवरही नजर ठेवा. मी तिघांवर ठेवली.

*

दवाखान्याच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी माझ्या घरासमोर आणवली. पंप स्वतः चालवून पाहिला. पंपाच्या आधी एक वाटी असते, तिच्यात कचरा अडवणारी बारीक जाळी. ती वाटी मी स्वतः उघडली, धुतली, पुन्हा घट्ट बसवली. गाडीला कुलूप लावले आणि किल्ली उशीशी घेऊन झोपले. दुसरी किल्ली कपाटात होती. सकाळी ती तिथेच होती, हेही पाहिले.

सकाळी गजूभाऊंना किल्ली दिली आणि त्यांच्या शेजारीच बसले. मागे प्रल्हाद आणि सिंधूताई. आम्ही वाटेत कुठेही थांबलो नाही, चहालाही नाही. सिंधूताई त्याबद्दल बोलतही होत्या.

दवाखान्याचे व्यवस्थापक पायरीवर उभे होते. प्रल्हादने दांडा उभारला. सिंधूताईंनी फेसाची बादली ठेवली. गजूभाऊंनी बटण दाबले. पंपाचा आवाज आला, पाणी आले नाही.

गजूभाऊंनी पंप बंद केला, किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली. प्रल्हादने तिच्याकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही.

“काहून नाही म्हणत?” सिंधूताईंनी गजूभाऊंना हळूच डिवचले. “म्हणा ना, बर्फ.”

“मी काही म्हणत नाही,” गजूभाऊ म्हणाले. “मॅडमनं सांगितलं ना, गोठत नाही म्हणून.”

टाकीत पाणी होते. मी हात बुडवून पाहिला. पाइप मोकळा होता. उरली वाटी. ती फिरेना. गजूभाऊ पुढे येऊ लागले, त्यांना मी थांबवले, प्रल्हादलाही थांबवले, आणि दोन्ही हातांनी जोर लावून ती स्वतः उघडली.

आत बर्फ होता. वाटीच्या नेमक्या आकाराचा, आट्यांच्या खुणांसकट, आणि जाळी त्यात घट्ट बसलेली.

व्यवस्थापक दोन पायऱ्या उतरून खाली आले. “काय झालं?”

तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ केला आणि म्हणाले, “बर्फ.”

“यवतमाळात?”

“हो,” मी म्हणाले. “यवतमाळात.”

व्यवस्थापकांनी गजूभाऊंकडे पाहून मान हलवली. “एवढ्या थंडीत बी येता तुम्ही लोकं! वा!”

सिंधूताईंनी गरम पाणी मागून आणले, पंप सुरू झाला, भिंत धुऊन झाली, वर्षभराचे काम मिळाले. बॉनेटवरची किल्ली मी गजूभाऊंच्या हातात दिली. ती अजून त्यांच्याकडेच आहे. त्या दिवसापासून तिघांपैकी कोणीही माझ्यासमोर बर्फाचे नाव काढलेले नाही, आणि ही गोष्ट मला जास्त संशयास्पद वाटते.

गरम पाणी येईपर्यंत बर्फ माझ्या ओंजळीत होता. त्यात तुरीचे एक पिवळे फूल गोठलेले होते, ताजे, पूर्ण उमललेले, जाळीच्या आतल्या बाजूला. त्या जाळीच्या भोकांतून मोहरीसुद्धा जात नाही.