कॅम्पातल्या भिंतीला खिळा नाही

लछमनसरांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. घड्याळ खिडकीत, छत्री दाराच्या कडीला आणि वारलेल्या बायकोचा, रुक्मिणीचा, फोटो पत्र्याच्या ट्रंकेवर टेकवलेला. उल्हासनगरात आमची दारं समोरासमोर. एकदा मी विचारलंच, "सर, भिंतीशी काय भांडण आहे का?"

"ताई, अपना पता क्या है? कॅम्प नंबर चार. कॅम्प में कील नहीं ठोकते."

फाळणीत आईच्या कडेवर आलेला माणूस. लष्कराच्या रिकाम्या बराकीत वडिलांनी सामान टेकवलं आणि बजावलं, चार दिवसांची गोष्ट आहे, खिळे ठोकू नका. पुढे वडील गेले, बराक पाडून बिल्डिंग उभी राहिली, सर इंग्रजीचे मास्तर म्हणून रिटायर झाले, पण तो हुकूम काही उठला नाही.

आणि हा शब्द कुणी नुसता उच्चारू दे! नाक्यावर रक्तदान कॅम्पचा बोर्ड दिसला की सर थांबलेच. "लॅटिनमध्ये कॅम्पस म्हणजे मोकळं मैदान. तिथे सैन्य उतरलं तो कॅम्प. तिथे लढला तो चॅम्पियन. लढाईची मोहीम ती कॅम्पेन, ती आता इलेक्शनवाल्यांनी पळवली. पोरांचा समर कॅम्प, म्हाताऱ्यांचा डोळ्यांचा कॅम्प, आमच्यासारख्या निर्वासितांचा कॅम्प, मैदान एकच. तंबू ठोका, हुकूम आला की उठा."

"सर, माझी भाजी सुकतेय, मीच उठते," म्हटलं की हसायचे.

मग हुकूम खरंच आला. स्लॅबला तडे गेले, महापालिकेची माणसं म्हणाली, संध्याकाळच्या आत बिल्डिंग रिकामी करा. सगळे गाद्या, सिलिंडर खाली उतरवत होते. मी सरांना बोलवायला गेले, तर हे आपले खाटेवर बसलेले.

"सर, चला! छत करकरतंय, ऐकू येत नाही का?"

"मी नाही उठत, ताई. तुम्ही जा."

"जन्मभर उठायच्याच गोष्टी सांगितल्यात की!"

"सांगणं वेगळं."

माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मीही खाटेवर बसले. "मग मीही उठत नाही."

"पागल हो गई क्या? नातवंडं आहेत तुम्हाला!"

"तुम्ही उठलात की उठेन."

खालून माझा भाचा हाका मारून घसा फोडत होता. आम्ही दोघं तोंडं फिरवून बसलेले. वरून पिठासारखी बारीक माती गळायला लागली. आणि धाडकन प्लास्टरचा ढलपा ट्रंकेवर आदळला. रुक्मिणीच्या फोटोची काच फुटली.

सरांनी फोटो बगलेत मारला, माझं मनगट धरलं आणि जिन्यावरून असं खेचलं की माझ्या चपला वरच राहिल्या. आम्ही रस्त्यावर पोचलो न पोचलो तोच मागे मोठा आवाज झाला. वळून बघितलं तर आमच्या मजल्यावर नुसती धूळ.

भाच्याने बदलापूरला, कात्रपमध्ये, आमच्यासाठी शेजारीशेजारी भाड्याच्या खोल्या बघितल्या. पहिल्याच सकाळी सर दारात. "ताई, हातोडी आहे?"

"अहो, मालक बोंब मारेल."

"मारू दे. तिला आता ट्रंकेवर नाही ठेवणार."

खिळा त्यांनी स्वतः ठोकला. सवय नव्हती, अंगठा चेचून घेतला. फोटो तिरका लागला. सरळ करू का, विचारलं तर म्हणाले, "रहने दो. पक्का बसलाय ना?"

त्याच खोलीत ते गेले. परवा मालक भिंती रंगवायला आला आणि पक्कड घेऊन त्या खिळ्याकडे वळला. मी आडवी आले. म्हटलं, "भोवतीने रंगव."